केमो घ्यावी की नको? : सुज्ञतेच्या तीन पायऱ्या



फेब्रुवारी महिन्याच्या सुरुवातीला तीन दिवस जवळजवळ येतात. ४ फेब्रुवारी हा जागतिक कर्करोग दिन. दुसऱ्याच दिवशी, ५ फेब्रुवारीला, संत आगाथाचा सण असतो. तिसऱ्या शतकात सिसिली बेटावरील कतानिया या शहरात ती रक्तसाक्षी झाली. छळ करताना तिचे स्तन कापण्यात आले अशी परंपरा आहे. म्हणून स्तनाच्या आजाराने ग्रासलेल्या स्त्रिया आजही तिच्या मध्यस्थीची याचना करतात. त्यानंतर ११ फेब्रुवारीला, लुर्डमातेच्या सणाच्या दिवशी, जागतिक रुग्णदिन येतो. पोप दुसरे जॉन पॉल यांनी तो १९९२ साली जाहीर केला आणि १९९३ पासून तो पाळला जातो.

या तीन दिवसांच्या निमित्ताने आपण एका कठीण प्रश्नाचा अभ्यास करू या. आपल्या देशातील स्त्रियांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग स्तनाचा आहे. गाठ सापडते, सुईची तपासणी होते, ऑपरेशन होते, आणि मग डॉक्टर सांगतात, "आता केमो घ्यावी लागेल." घरी आल्यावर सल्ल्यांचा पाऊस पडतो. कोणी म्हणते, अमुक बाई केमोनेच गेल्या. कोणी जडीबुटीवाल्याचा पत्ता आणून देते. कोणी म्हणते, श्रद्धा असेल तर औषधाची गरज काय? आणि ती बाई फाईल उशाशी ठेवून रात्रभर जागी राहते.

अशा वेळी ख्रिस्ती माणसाने निर्णय कसा घ्यावा? संत थॉमस अक्विनास यांनी सुज्ञता या सद्‌गुणाविषयी शिकवताना तिच्या तीन क्रिया सांगितल्या आहेत. प्रथम सल्लामसलत करून नीट माहिती मिळवणे, मग योग्य काय ते ठरवणे, आणि शेवटी ठरवलेले प्रत्यक्षात आणणे. पहिली पायरी गाळून दुसरीवर उडी मारली की निर्णय भीतीच्या किंवा शेजाऱ्यांच्या हाती जातो. याच तीन पायऱ्यांनी आपण पुढे जाऊ.

पहिली पायरी : माहिती आणि सल्ला

प्रथम केमो कशासाठी सुचवली आहे ते विचारावे. तिचे हेतू मुख्यतः तीन असतात. ऑपरेशननंतर दिली जाते तेव्हा शरीरात कोठे लपून राहिलेल्या, तपासणीत न दिसणाऱ्या पेशी मारणे हा हेतू असतो. ऑपरेशनच्या आधी दिली जाते तेव्हा गाठ लहान करणे आणि औषध तिच्यावर चालते की नाही ते पाहणे हाही हेतू असतो. रोग हाडांत, फुप्फुसात किंवा यकृतात पसरलेला असेल, तर रोग आटोक्यात ठेवणे, त्रास कमी करणे आणि आयुष्य वाढवणे हा हेतू असतो. तेथे रोग समूळ जाईल अशी अपेक्षा सहसा नसते. तिन्ही वेळा नाव 'केमो'च असले तरी प्रश्न वेगळा आहे. म्हणून शेजारच्या बाईचा अनुभव आपल्याला लागू पडेलच असे नाही.

ऑपरेशननंतरच्या केमोचा इतिहास पन्नास वर्षांचा आहे. इटलीतील मिलान शहरात डॉ. जियानी बोनाडोना यांनी काखेतील गाठींपर्यंत रोग पोहोचलेल्या स्त्रियांना ऑपरेशननंतर तीन औषधांची केमो दिली आणि रोग उलटण्याचे प्रमाण घटल्याचे १९७६ साली जाहीर केले. त्यानंतर जगभर अनेक चाचण्या झाल्या. २०१२ साली ऑक्सफर्डहून प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १२३ चाचण्यांतील सुमारे एक लाख स्त्रियांची माहिती एकत्र तपासण्यात आली. निष्कर्ष असा की, केमो न घेण्याच्या तुलनेत, या रोगाने दहा वर्षांत होणारे मृत्यू आधुनिक केमोमुळे साधारण एक तृतीयांशाने कमी होतात.

हा 'एक तृतीयांश' नीट समजून घेतला पाहिजे, कारण सगळा निर्णय त्यावर उभा आहे. समजा, शंभर स्त्रियांचा रोग काखेतील बऱ्याच गाठींत पोहोचला आहे आणि केमो न घेता त्यांतील तीस जणी दहा वर्षांत दगावल्या असत्या. एक तृतीयांश कमी म्हणजे दहा जणींचे प्राण वाचले. आता दुसऱ्या शंभर स्त्रिया घ्या. गाठ लहान, काख स्वच्छ, रोग सौम्य प्रकारचा. त्यांतील सहा जणी दगावल्या असत्या. एक तृतीयांश कमी म्हणजे दोघी वाचल्या आणि त्या दोघींसाठी शंभर जणींनी केमो सोसली. (हे आकडे केवळ हिशेब कळावा म्हणून घेतले आहेत.) तेच औषध, तोच तृतीयांश, पण एकीसाठी लाभ मोठा, दुसरीसाठी छोटा. म्हणून डॉक्टरांना विचारायचा खरा प्रश्न हा : "माझ्यासारख्या शंभर स्त्रियांनी केमो घेतली नाही तर काय होईल, आणि घेतली तर त्यात किती जणींचा फरक पडेल?"

याचे उत्तर आपल्या रिपोर्टमध्ये दडलेले असते. गाठीचा आकार, काखेतील किती गाठींत रोग आहे, रोगाची 'ग्रेड', आणि ईआर, पीआर व हर-टू या तीन तपासण्या पाहाव्यात.

ईआर किंवा पीआर पॉझिटिव्ह असेल, तर रोग स्त्रीच्या शरीरातील हार्मोनवर पोसला जातो. अशा रोगावर टॅमॉक्सिफेनसारख्या गोळ्या पाच ते दहा वर्षे घेता येतात आणि त्या परिणामकारक असतात. हर-टू पॉझिटिव्ह असेल, तर ट्रास्टुझुमॅब नावाचे खास इंजेक्शन असते. ते बहुधा केमोच्या जोडीने सुरू होते. तिन्ही निगेटिव्ह असतील, तर त्याला 'ट्रिपल निगेटिव्ह' म्हणतात. त्यावर गोळ्या किंवा हे इंजेक्शन चालत नाही, म्हणून तेथे केमो हाच मुख्य आधार असतो. मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलने याच प्रकारच्या सुमारे सातशे भारतीय स्त्रियांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष डिसेंबर २०२२ मध्ये मांडले. नेहमीच्या केमोत कार्बोप्लाटिन हे जुने आणि तुलनेने स्वस्त औषध जोडल्याने पन्नाशीपर्यंतच्या स्त्रियांना चांगला लाभ झाल्याचे त्यात दिसले. त्याहून मोठ्या वयाच्या स्त्रियांत तसा लाभ दिसला नाही.

याउलट, काहींना केमोची गरज नसते हेही आता सिद्ध झाले आहे. गाठीतील २१ जनुके तपासून रोग उलटण्याचा धोका सांगणारी एक चाचणी आहे. हार्मोन पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह आणि काख स्वच्छ असलेल्या स्त्रियांवरील मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१८ साली आले. मधल्या धोक्याच्या ६,७११ स्त्रियांपैकी निम्म्यांना केवळ गोळ्या आणि निम्म्यांना केमो व गोळ्या दिल्या होत्या. नऊ वर्षांनंतर दोन्ही गट जवळजवळ सारखेच होते. पन्नाशीच्या आतील काही स्त्रियांना मात्र केमोचा थोडा फायदा दिसला. काखेतील एक ते तीन गाठींत रोग असलेल्या स्त्रियांविषयीही २०२१ साली असाच निष्कर्ष आला : चाचणीत धोका कमी असेल आणि पाळी गेलेली असेल, तर केमोने फायदा होत नाही, पाळी चालू असेल, तर होतो. ही परदेशी चाचणी फार महाग आहे. बेंगळुरूत विकसित झालेली 'कॅनअसिस्ट ब्रेस्ट' ही भारतीय चाचणीही उपलब्ध आहे. आपल्या बाबतीत अशा चाचणीचा उपयोग आहे का, एवढे डॉक्टरांना जरूर विचारावे.

मनात शंका असेल तर दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यावे. पहिल्या डॉक्टरांना त्यात अपमान वाटण्याचे कारण नाही. आपण रोडपालीकर याबाबतीत भाग्यवान आहोत. १९४१ साली परळला सुरू झालेल्या टाटा मेमोरियलचेच 'ॲक्ट्रेक' हे केंद्र आपल्या शेजारी खारघरला आहे. देशाच्या कानाकोपऱ्यातून लोक रात्रंदिवस प्रवास करून जेथे येतात, ते ठिकाण आपल्या हाकेच्या अंतरावर आहे.

दुसरी पायरी : तोलून ठरवणे

माहिती मिळाली म्हणजे निर्णय झाला असे नाही. लाभ आणि भार तराजूत घालावे लागतात. या बाबतीत ख्रिस्तसभेची शिकवण जुनी आणि स्पष्ट आहे. सोळाव्या शतकात सालामांका येथील डॉमिनिकन गुरू फ्रान्सिस्को दे व्हितोरिया यांनी असा विचार मांडला की, जीव राखणे हे आपले कर्तव्य आहे, पण त्यासाठी वाटेल तितका महागडा किंवा असह्य उपाय करण्याची सक्ती कोणावरही नाही. पोप बारावे पायस यांनी २४ नोव्हेंबर १९५७ रोजी डॉक्टरांपुढे बोलताना हाच विचार पुढे नेला. ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथातील कलम २२७८ सांगते की, अपेक्षित लाभाच्या मानाने फार जड, धोक्याचे किंवा प्रमाणाबाहेरचे उपचार थांबवणे योग्य ठरू शकते. त्यात मरण ओढवून घेण्याचा हेतू नसतो, मरण टाळता येत नाही हे स्वीकारलेले असते. आणि रुग्ण शुद्धीवर व समर्थ असेल, तर हा निर्णय रुग्णाने स्वतःच घ्यायचा आहे.

ही शिकवण दोन्ही बाजूंनी बोलते. चाळिशीतील एखाद्या भगिनीला ट्रिपल निगेटिव्ह रोग आहे आणि केमोने बरे होण्याची शक्यता बरीच वाढते आहे. केवळ केस जातील म्हणून किंवा लोक काय म्हणतील म्हणून तिने नकार दिला, तर देवाने दिलेल्या जीवनाची राखण करण्याच्या कर्तव्यात उणीव राहते. उलट, ऐंशी वर्षांच्या आजीचे हृदय कमकुवत आहे, गाठ हार्मोनवर पोसणारी आहे, केमोचा लाभ शंभरात एखाद-दुसरीला. तिने गोळ्यांवर राहायचे ठरवले, तर तिला कोणी भित्री किंवा अश्रद्ध म्हणू नये. तसेच ज्या भगिनीचा रोग सर्वत्र पसरला आहे आणि एकामागून एक औषधे निष्फळ ठरली आहेत, तिने "आता सलाईन पुरे, वेदना कमी करा आणि मला घरी राहू द्या" असे म्हटले, तर ती आत्महत्या नव्हे. वेदना शमवणारे उपचार मात्र शेवटपर्यंत चालू राहिले पाहिजेत.

भार तोलताना तोही खरा तोलावा. कित्येकांच्या मनात वीस-तीस वर्षांपूर्वीच्या केमोचे चित्र आहे. आज उलट्या रोखणारी चांगली औषधे आहेत. केस जातात हे खरे, पण उपचार संपल्यावर बहुधा परत येतात. थकवा येतो, तोंड येते, काही औषधांनी हातापायांना मुंग्या येतात आणि त्या कधी महिनोन्‌महिने राहतात. काही औषधांचा हृदयावर परिणाम होऊ शकतो, म्हणून आधी इको काढतात. पाळी थांबू शकते. पुढे मूल हवे असेल तर केमो सुरू होण्यापूर्वीच डॉक्टरांशी बोलावे.

गर्भवती भगिनींविषयी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. स्तनाचा कर्करोग गरोदरपणी आढळला की "आधी गर्भपात करा" असा सल्ला घरातून किंवा बाहेरून येतो. प्रत्येक वेळी तसे करणे भाग असते असे नाही. पहिले तीन महिने उलटल्यावर काही प्रकारची केमो देता येते. आईला कर्करोग असताना पोटात वाढलेल्या १२९ मुलांची तपासणी युरोपातील डॉक्टरांनी केली आणि निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. त्यांतील बऱ्याच मुलांच्या आयांनी गरोदरपणी केमो घेतली होती, तरीही मुलांची वाढ इतर मुलांसारखीच होती. म्हणून मोठ्या कर्करोग केंद्रात दाखवल्याशिवाय असा निर्णय घेऊ नये.

आणि श्रद्धेचे काय? सिराकच्या ग्रंथाचा अडतिसावा अध्याय घरी काढून वाचा. आजारी माणसाने प्रार्थनाही करावी आणि वैद्यालाही त्याचे स्थान द्यावे, कारण वैद्य आणि औषध दोन्ही देवाचीच निर्मिती आहेत, असे तेथे शिकवले आहे. वांद्र्याच्या मोतमावलीला मेणाचा अवयव वाहणारी बाई आणि खारघरला सलाईन घेणारी बाई एकच असू शकते. नवस जरूर बोला, नोव्हेना करा, पण त्यासाठी केमोची तारीख पुढे ढकलू नका. जडीबुटीविषयीही स्पष्ट सांगायला हवे. अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. नेहमीचे उपचार नाकारून केवळ पर्यायी उपचारांवर राहिलेल्या स्तनकर्करोगाच्या रुग्णांत मृत्यूचा धोका साडेपाच पटींहून अधिक आढळला. अशा बाबतीत "करून तर बघू" म्हणत जो काळ जातो, तो परत मिळत नाही.

तिसरी पायरी : ठरवलेले पार पाडणे

निर्णयासाठी थोडा वेळ असतो, पण अमर्याद नसतो. ऑपरेशननंतरची केमो साधारणपणे काही आठवड्यांतच सुरू करतात. तीन महिन्यांहून अधिक उशीर झाल्यास नुकसान होते असे आढळले आहे. आठवडा-पंधरवडा विचाराला आणि दुसऱ्या मताला द्यावा. "मुलीची दहावी होऊ दे", "गणपतीनंतर बघू" असे म्हणत महिने घालवू नयेत. एकदा सुरू केली की सगळ्या मात्रा वेळेवर पूर्ण कराव्यात. त्रास झाला तर मध्येच बंद न करता डॉक्टरांना सांगावे. मात्रा किंवा औषध बदलता येते. केमोच्या दिवसांत ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला, तर क्रोसिन घेऊन सकाळची वाट न पाहता रात्रीच हॉस्पिटल गाठावे. पांढऱ्या पेशी कमी असताना साधा संसर्गही जिवावर बेतू शकतो.

पैशाची अडचण असेल तर लाजू नये. राज्य सरकारची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना कर्करोगाच्या अनेक उपचारांना लागू आहे. २०२३ च्या शासननिर्णयाने ती सर्व रेशनकार्डधारकांसाठी खुली करून वार्षिक मर्यादा कुटुंबामागे पाच लाख रुपये करण्यात आली. रेशनकार्ड व आधारकार्ड घेऊन हॉस्पिटलमधील समाजसेवकांना पहिल्याच भेटीत भेटावे, कारण मंजुरी उपचाराआधी घ्यावी लागते.

घरच्या माणसांना दोन शब्द. "आईला सांगू नका, तिला सोसणार नाही" असे म्हणून मुले आणि पती आपसांत निर्णय घेतात. हेतू प्रेमाचाच असतो, पण ज्या शरीरात औषध जाणार ते तिचे आहे. तिला तिच्या भाषेत, तिच्या वेगाने सगळे सांगा आणि ती काय म्हणते ते ऐका. तिने एकदा ठरवले की तिच्या निर्णयावर रोज नवा खटला चालवू नका. चांगल्या शोमरोनी माणसाने जखमांवर तेल व द्राक्षारस ओतला, जखमीला आपल्या जनावरावर बसवून धर्मशाळेत नेले, पैसे भरले आणि परत येण्याचे वचन दिले. आपल्याला करता येण्यासारखे तेच आहे : केमोच्या दिवशी सोबत जाणे, डबा पोहोचवणे, मुलांचा अभ्यास घेणे, रिक्षाचे पैसे देणे.

तैलाभ्यंगाचा संस्कार केवळ मरणाच्या दारात घ्यायचा, ही समजूत अजून गेलेली नाही. गंभीर आजार सुरू होतो तेव्हाच, म्हणजे ऑपरेशनपूर्वी किंवा केमोपूर्वी, तो घ्यावा. पेशी कमी असताना गर्दी टाळायला डॉक्टर सांगतात. अशा भगिनीला रविवारच्या मिस्सेला येता आले नाही तर त्यात पाप नाही. कळवल्यास कम्युनियन घरी आणून दिले जाईल.

ज्या भगिनींच्या उशाशी आज ती फाईल आहे, त्यांना एवढेच सांगायचे आहे : भीती वाटते म्हणून आपली श्रद्धा कमी आहे असे समजू नका. गेथसेमनी बागेत प्रभू येशूनेही दुःखाचा प्याला टळावा म्हणून पित्याकडे विनवणी केली होती. उद्या सकाळी फाईल उघडा, खालचे प्रश्न एका कागदावर लिहा, विश्वासातल्या एका माणसाला बरोबर घ्या आणि डॉक्टरांकडे जा.

डॉक्टरांना विचारण्यासाठी

१. माझ्या बाबतीत केमोचा हेतू कोणता : रोग बरा करणे, गाठ लहान करणे की रोग आटोक्यात ठेवणे?
२. माझे ईआर, पीआर आणि हर-टू काय आहेत? काखेतील किती गाठींत रोग आहे?
३. माझ्यासारख्या शंभर स्त्रियांत केमोमुळे किती जणींना फरक पडतो?
४. केमो न घेता केवळ गोळ्या किंवा दुसरे उपचार पुरेसे होतील का? जनुकांच्या चाचणीचा मला उपयोग आहे का?
५. कोणती औषधे, किती वेळा, किती दिवसांच्या अंतराने? माझ्या वयाला व इतर आजारांना त्यांचा कोणता धोका आहे?
६. खर्च किती आणि योजनेत किती बसतो?

घरी चर्चेसाठी

१. आपल्या घरात आजाराचे निर्णय कोण घेते? आजारी माणसाला बोलू दिले जाते का?
२. आपल्या इमारतीत किंवा वाडीत उपचार घेणारी एखादी भगिनी आहे का? या आठवड्यात आपण तिच्यासाठी कोणते एक काम करू शकतो?

संत आगाथा, स्तनाच्या आजाराने ग्रासलेल्या आमच्या भगिनींसाठी विनंती कर.